हळदीपुरत्या लाद्या

आमच्या गावच्या मातीचा स्वभाव मला लहानपणापासून ठाऊक आहे. पावसात ती फुगते, चपला धरून ठेवते, सोडता सोडत नाही. उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत शेळीचा पाय सहज अडकावा. रंग काळपट, हाताला तेलकट, आणि मधूनमधून चुनखडीचे पांढरे खडे, कुठे हरभऱ्याएवढे, कुठे सुपारीएवढे. लहानपणी आम्ही त्या खड्यांवर लिंबू पिळायचो. खडा फसफसायचा आणि माती उकळली म्हणून आम्ही नाचायचो. एकदा सरबतासाठी आणलेली सगळी लिंबं आम्ही मातीवर संपवली, तेव्हा आत्याने पाठीत धपाटे घातले होते.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच ती माघारी आली आणि आमच्याकडेच राहिली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलंही नाही. वडील नारपोलीत कापडाच्या लूमवर ड्युटी करायचे, आईचा दिवस आम्हा भावंडांत जायचा. शेत आत्याने पाहिलं. चिकण माती पाणी सोडत नाही, म्हणून पावसाळ्यात भात. भात कापलं की त्याच ओलीवर वाल. वालाला वेगळं पाणी द्यायचं नसतं, जमिनीत मुरलेली ओल त्याला पुरते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मानकोली नाक्यापासून सरकत सरकत गोदामं आमच्या बांधाला भिडली, तेव्हा आम्ही भावांनी जमीन भाड्याने दिली. आत्याची सही लागत होती. मी बोट ठेवलं तिथे तिने केली. मागितलं एकच, घरामागचा परसाचा तुकडा उघडा ठेवा. तेवढं आम्ही आनंदाने कबूल केलं. एवढ्याशा तुकड्यात आमचं जाणार काय होतं?

गोदामवाल्यांच्या इंजिनिअरने माती बोटांत चोळून नाक मुरडलं. ही पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते, हिच्यावर फरशी टिकायची नाही, असं म्हणाला. मग पोकलेनने पुरुषभर माती उपसली आणि तिथे मुरमाचा भराव आला. उपसलेली माती न्यायला एक वीटभट्टीवाला आला होता. त्याने ढेकूळ फोडलं, पांढरे खडे पाहिले आणि आल्या पावली परत गेला. असा खडा विटेत राहिला तर भट्टीत भाजून निघतो आणि पुढे पाणी लागलं की वीट फोडतो. शेवटी डंपरवाल्यांनी ती माती नेऊन कुठल्यातरी खड्ड्यात ओतली. आत्या ओट्यावर उभी राहून सगळं पाहत होती. मी तिच्या शेजारी उभा राहून गोदाम केवढं होईल ते तिला हात पसरून दाखवत होतो. आता आठवलं की ते पसरलेले हात कुठे लपवू असं होतं.

परसात मात्र दरवर्षी वाल होत राहिले. कडवे वाल, चवीला असे की जो एकदा बिरडं खाऊन गेला तो पुढच्या वर्षी काहीतरी निमित्त काढून यायचाच. आत्या कुणाला दोन मुठी, कुणाला चार मुठी वाल बांधून द्यायची. बाकी घरखर्चात, मानपानात, कशात तिचा शब्द चालत नव्हता. त्या तुकड्यात चालायचा.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मांडव परसातच पडणार होता. हळद तोंडावर आली आणि वळवाची सर अशी कोसळली की परसात बकेट ठेवली तरी रुतून बसे. व्याही टेमघरचे, बिल्डिंगीत राहणारे. त्यांच्याकडच्या बायका पैठण्या सावरत आमच्या चिखलात फसल्या असत्या तर माझी शोभा झाली असती. मी सरळ पेव्हर ब्लॉक मागवले. मिस्त्री म्हणाला, "नीचे काली मिट्टी है सेठ, पहले निकालनी पड़ेगी." मी म्हणालो, तेवढा वेळ नाही, दगडाची कच टाक आणि वरून बसव.

आत्या दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "हळदीपुरत्या लाद्या घालतो आत्या. मांडव उतरला की काढतो."

"काढ म्हंजे झाला," ती म्हणाली.

हळद दणक्यात झाली. आत्या स्वतः त्या लाद्यांवर नाचली. मांडव उतरला आणि लाद्या राहिल्या. स्कूटर लावायला बरं पडत होतं. कपड्यांना चिखल लागत नाही म्हणून बायको खूश होती. आत्याने दोनदा आठवण करून दिली आणि दोन्ही वेळा मी मिस्त्री मोकळा नाही म्हणून सांगितलं. मिस्त्री मोकळाच होता. मग पाऊस लागला, खालची माती फुगली आणि लाद्या उचलल्या, कुठे कोपरा वर, कुठे सगळी रांग वर. पावसाळा सरला की सारख्या करून घेऊ, असं मी ठरवलं. काढून टाकू असं ठरवलं नाही.

श्रावणात एका सकाळी तुळशीच्या मंजिऱ्या काढायला आत्या मागे गेली आणि उचललेल्या कोपऱ्याला ठेचकाळली. खुबा मोडला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियम कमी आहे. गोळ्या दिल्या. आत्या गोळीकडे बघून म्हणाली, "आख्खा जलम चुनखडीत गेला आन हाडांत चुना न्हाय." नर्स हसली, बायको हसली. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि जिन्यावर बसून रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस जिन्यावर रडतो तेव्हा चढणारे-उतरणारे बाजूने वाट काढतात, काही विचारत नाहीत. ते बरंच असतं.

घरी आणल्यावर तिचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीशी लावला. ती तासन्‌तास लाद्यांकडे बघायची. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. दिवाळी झाली तशा मी खिडकीसमोरच्या लाद्या उचलल्या, कच खरवडून काढली, माती मोकळी केली आणि तिच्याच डब्यातले वाल पेरले. ती खिडकीतून बघत होती. वाल टरारून वर आले आणि मला वाटलं, जमलं.

आणि मग मी पाणी घालायला लागलो. का घातलं ते मलाच नीट सांगता येत नाही. माहीत नव्हतं असं नाही. पण सकाळी उठून तिच्या खिडकीसमोर नळी धरून उभं राहिलं की छातीवरचं ओझं थोडं हलकं व्हायचं. बायको म्हणाली, अहो, वालाला कोणी पाणी घालतं का? मी तिच्यावर खेकसलो. रोज पाणी, रोज ओझं हलकं. मातीने एक थेंब सोडला नाही. सगळं पाणी पोटात धरून ती नुसती चिकटली. पानं शिरांपुरती हिरवी राहून बाकी पिवळी पडली आणि देठ बुडाशी काळे झाले. मी उपटून पाहिलं तर मुळं कुजून वास मारत होती.

तरीही दुसऱ्या दिवशी मी नळी घेऊन उभा राहिलो. तेव्हा खिडकीतून आत्याने हाक मारली.

"बाला, नल बंद कर." मी बंद केला. "तू वालाला पानी न्हाय घालत. मना दाखवतंस. मातीला ते कलत न्हाय. तिला पानी म्हंजे पानी."

मी नळी गुंडाळून ठेवली. त्याच दिवशी मिस्त्रीला फोन केला आणि सांगितलं, सगळ्या लाद्या उचलायच्या, एकही ठेवायची नाही, कचसुद्धा झाडून न्यायची. दिलेला शब्द उशिरा का होईना, पाळायचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवलो.

मिस्त्री माणसं घेऊन आला. पहिल्या लादीखाली पहार घातली, तेवढ्यात मागचं दार उघडलं. आत्या वॉकर धरून उंबऱ्यात उभी होती. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच एकटी एवढी चालत आली होती. घामाने निथळत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मी म्हणालो, आत्या, तुझी माती तुला परत देतोय, अख्खं परस. पुढच्या वर्षी तूच पेर.

तिने वॉकर उचलून पुढच्या लादीवर ठेवला, मग एक पाय, मग दुसरा. जिथे मी वाल पेरले होते त्या तुकड्याशी येऊन थांबली. वॉकरचा एक पाय तिने ओल्या मातीवर टेकवला. तो रुतला. तिने तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि रबराला लागलेली माती माझ्याकडे धरून दाखवली.

"डागदर बोल्लाय रोज चालाचा. मातीवर मना आता चालता येनार न्हाय, बाला. लादीच पायजे."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पहार काढून घेतली आणि लादी हातोडीने ठोकून परत बसवली. वालाच्या तुकड्यावरही आत्याने लाद्या घालून घेतल्या. तिला तुळशीपर्यंत सरळ वाट हवी होती.

आता ती सकाळ-संध्याकाळ लाद्यांवरून चालते. चालून झालं की मी मागे जातो आणि उकिडवा बसून एकेका लादीची कड बोटाने चाचपतो. पाऊस लागला की खालची माती फुगणार आहे.