लोखंडाची दृष्ट लागणारी बोट

अगं, फोन स्पीकरवरून काढ, कानाला लाव. रागवायचं आहे तुला, पण चारचौघांत नको. बाळाचा पाळणा पाहिला फोटोत. मऊ गादी, मच्छरदाणी, वर फिरणारे कापडी मासे, सगळं छान. आणि उशाशी काय? काही नाही. मी फोनवर नुसतं म्हटलं, उशीखाली लोखंडाचं काहीतरी ठेव गं पोरी, तर केवढी हसलीस. ‘आजी, लोखंडानं काय होतं?’ हसलीस त्याचं काही नाही, पण उत्तर ऐकायला थांबली नाहीस, फोन ठेवून दिलास. हे काही बरं नाही. लोखंडानं काय होतं ते मला विचार. त्या लोखंडापायी आम्हा सगळ्या बायांचं काम जायची वेळ आली होती एकदा.

नव्वद साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं. आम्ही सुरतेला पांडेसऱ्यातच राहायचो, ह्याच गल्लीत. तुझे आजोबा डाइंग मिलमध्ये. घरी यायचे तेव्हा त्यांचे हात बघून मला कळायचं की बाजारात यंदा कुठल्या रंगाच्या साड्या येणार. आणि आम्ही बाया घरी बसून त्याच साड्यांचे सुटे धागे कापायचो. मान खाली घालून दिवसभर कात्री चालवायची. संध्याकाळी मान वर करायला गेलं की ती वर यायलाच तयार नसायची.

गल्लीच्या टोकाला एक मावशी राहायची. अमळनेरकडची. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. आवाज असा, की तिनं घरात भाजीला फोडणी दिली तरी ती काय म्हणाली ते आम्हाला इकडे कळायचं. तोंडात सुपारी आणि कमरेला अडकित्ता, हे तिचं ठरलेलं. ती इच्छापोरच्या पुढे हजीऱ्याच्या रस्त्याला, खाडीच्या काठी एक बोटी बांधायचा कारखाना होता, तिथं झाडलोट करायची. तिथल्या सुपरवायझरच्या ती रोज मागे लागायची, की आमच्या बायांना काम द्या, कापडाची सवय आहे त्यांच्या हातांना. तो सुरती भाई, मऊ स्वभावाचा. शेवटी कंटाळून म्हणाला, बरं, एक बोट करून दाखवा. ती पास झाली तर पुढच्या बोटीपण तुमच्या. नाही झाली तर आपापल्या घरी जा, आणि मासी, तुम्हीपण जा, मला तेवढीच शांतता.

म्हणजे सगळं त्या एका बोटीवर होतं. मला तर पुन्हा त्या कात्रीकडे जायचंच नव्हतं. सकाळी टेम्पोत बसून तापीचा पूल ओलांडायचा, वारं खायचं, डब्यातलं एकमेकींचं चाखायचं, हे एकदा लागलं की सुटतं का गं?

आता बोट कसली, तर काचेची. पुन्हा हसू नकोस. काचेच्या धाग्याचं कापड असतं, पांढरं, सुळसुळीत. ते मोठ्या साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन नावाचा चिकट रस लावायचा, रोलर फिरवून आतला हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा, मग वर दुसरं कापड. असे थर वाळले की दगडासारखं टणक होतं. काचेची कुसं हातात शिरायची आणि अशी खाज सुटायची, की घरी आल्यावर तुझे आजोबा लांब बसायचे. रेझिनचा वास तर लाडवालाही यायचा.

आणि काचेची का, तर तिच्यात लोखंड नको म्हणून. ते तपासणीवाल्या साहेबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. साहेब उत्तरेकडचे, आधी कधी नौदलाच्या जहाजांवर असलेले, आता पिकलेल्या मिशांचे. त्यांनी सांगितलं, लढाईत समुद्राच्या तळाशी सुरुंग टाकून ठेवतात. तो मुकाट पडून असतो. वरून लोखंडी जहाज गेलं, की त्याला लोखंडाची चाहूल लागते आणि तो फुटतो. पाण्यातून धावत येणारा टॉर्पेडो असतो, त्यातल्याही काहींना अशीच चाहूल लागते. म्हणून मोठ्या जहाजांच्या पोटात आतून जाड तारा फिरवतात आणि त्यांत वीज सोडतात. मग त्या लोखंडाची खूण पुसट होते. पण आमच्या बोटीचं काम निराळं. तिनं मोठ्या जहाजांच्या पुढे जायचं, सुरुंग हुडकायचे. तिच्या अंगात लोखंड असून कसं चालेल? तिचं इंजिनसुद्धा म्हणे निराळ्या धातूचं येणार होतं.

आम्ही माना डोलवल्या. मग साहेब म्हणाले, आता तुमच्या पिना काढा.

तिथंच गोंधळ झाला. मराठी बाईच्या अंगावर किती पिना असतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? पदराला पिन, निऱ्यांना पिन, बांगडीत दोन-चार अडकवलेल्या, मंगळसूत्रात एक अडीअडचणीची, आणि केसात आकडे. फाटकाशी एक परात ठेवली होती, ती भरून गेली. शेजारी सुपरवायझर लोहचुंबक घेऊन उभा. चांदीच्या जोडव्यांना काही व्हायचं नाही, काचेच्या बांगड्यांना नाही. पण आमच्यातल्या एकीच्या पैंजणाला चुंबक असा जाऊन चिकटला की सोडवावा लागला. नवऱ्यानं दिवाळीला आणलेलं, चांदीचं म्हणून ती गल्लीभर दाखवून आली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर त्या नवऱ्याचं जेवण काही धड झालं नाही. माझ्या जोडव्यांना चुंबक चिकटला नाही, म्हणून मी घरी येऊन तुझ्या आजोबांना आपणहून चहा करून दिला. त्यांना कारण कळलं नाही, पण चहा प्यायले.

मग आम्ही पदर कमरेला नाडीनं बांधायला लागलो, केस दोऱ्यानं. स्टीलचे डबेसुद्धा फाटकातच. आणि ती बोट आमच्या हाताखाली थरावर थर चढत वाढायला लागली. खरं सांगते, एखादी गोष्ट रोज हातांनी चोळली, पुसली, तिचे बुडबुडे काढले की तिच्यावर जीव बसतो. मावशी तर तिला बाळच म्हणायची. ‘चाला वं, बाळले न्हाऊमाखू घालू’ असं म्हणत साच्यात उतरायची. बोटीच्या नाकाकडचं अडचणीचं काम मावशी आणि मी करायचो. तिथं आतून फोमचे दांडे बसवायचे आणि त्यांच्यावर काचेचं कापड मढवायचं, म्हणजे नाकाला बळकटी येते.

त्याच सुमाराला मावशी माझ्याकडे कातरलेली सुपारी मागायला लागली. मी म्हटलं, अडकित्ता कुठं गेला? तर म्हणाली, सापडंना. मी विश्वास ठेवला. वस्तू हरवतात माणसांच्या.

बोट साच्यातून निघाली त्या दिवशी आम्ही सगळ्या नव्या साड्या नेसून गेलो होतो. राखाडी, गुळगुळीत, गाईच्या वासरासारखी दिसत होती. साहेबांनी त्यांचं यंत्र आणलं. एक पेटी, तिला लांब दांडा, आणि पेटीवर काचेआड एक सुई. मागच्या बाजूनं सुरुवात करून ते दांडा बोटीच्या अंगावरून हळूहळू फिरवत पुढे आले. सुई गप्प. आमची छाती फुगत चाललेली. नाकापाशी आले आणि सुई एकदम उडाली. त्यांनी दांडा लांब नेला, सुई खाली. जवळ आणला, पुन्हा उडाली.

साहेबांनी खडूनं तिथं गोल काढला. आत लोखंड आहे, ते म्हणाले, आणि पिनेएवढं नाही, चांगलं मोठं आहे. हे फोडून काढावं लागेल.

सुपरवायझरचा चेहरा उतरला. त्यानं आम्हाला घेण्यासाठी वर कुणाकुणाची बोलणी खाल्ली होती ते आम्हाला माहीत होतं. नाकाचं काम कोण करत होतं, त्यानं विचारलं, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मावशीकडे कुणी बघितलं नाही. ती बायांना कामाला आणणारी, तिच्यावर कोण संशय घेणार? मी फाटकात आपल्या हातानं पिना काढून ठेवायची, पण तसं सांगायला तोंड उघडेपर्यंत उशीर झाला. सुपरवायझर म्हणाला, बेन, उद्यापासून तुम्ही येऊ नका, बाकीच्यांचं काय ते मी बघतो.

तेव्हा मावशी पुढे आली. तिच्या आवाजाची सवय असलेल्या आम्हाला तिचं बोलणं त्या दिवशी कान देऊन ऐकावं लागलं.

“तिले काही बोलू नका भाऊ. अडकित्ता मीच ठेवेल शे.”

“आ शुं कर्युं तमे, मासी?” सुपरवायझर डोक्याला हात लावून तिथंच एका डब्यावर बसला.

साहेबांना अडकित्ता म्हणजे काय तेच कळेना. मी बोटांनी सुपारी कातरून दाखवली. मग त्यांनी हिंदीत विचारलं, का ठेवला? मावशीनं तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. म्हणाली, माझ्या सगळ्या पोरांच्या उशीखाली हाच अडकित्ता होता. बाळंतपणात लोखंड जवळ असलं की वाईट काही फिरकत नाही. आणि ही बोट सगळ्यांच्या पुढे जाणार, जिथं मरण पेरून ठेवलंय तिथं. आत कुणाची तरी पोरं बसणार. आणि तुम्ही तर तिच्या अंगावर एक खिळासुद्धा ठेवू देत नाही. माझं मन ऐकेना साहेब. झाडायला मी सगळ्यांच्या आधी आत येते, तेव्हा फाटकाशी चुंबक नसतो. फोमच्या दांड्यात खाच केली, आत सारला आणि वरून कापड मढवलं.

साहेबांनी खडूच्या त्या गोलावर बोट टेकवलं. मला वाटलं, आता हे ओरडणार. पण त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हमारी माँ चाकू रखती थी, मौसी. तकिये के नीचे. पर इस बच्चे को तो लोहे की ही नज़र लगती है.”

सांगते तुला, मावशीला त्या दिवशी सुरुंग समजला. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या माना डोलवल्या होत्या. तिनं पटकन कानाच्या पाळ्या धरल्या आणि बोटीच्या नाकावरून हात फिरवला, चुकून चटका बसलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा.

साहेब मग साहेबांसारखे बोलले. ते फोडायचं, काढायचं, पुन्हा थर द्यायचे, आणि पुन्हा सुई लावायची. सुई हलली तर मला कागदावर नापास लिहावं लागेल, त्यात माझ्या आईचा चाकू कामाला येणार नाही. सुपरवायझर म्हणाला, दुरुस्तीला मी पुरुषांची गँग लावतो. तेव्हा कुठं मावशीचा आवाज परत आला. तिनं सांगितलं, बाळ आमचं आहे, टाकेसुद्धा आम्हीच घालणार. तो हसला बिचारा, नाही म्हणायला त्याच्यात जीवच उरला नव्हता.

आम्ही घातले टाके. तेवढा भाग कापून काढला, कडा घासून उतरत्या केल्या, आधी लहान तुकडा, त्यावर मोठा, त्यावर आणखी मोठा, आणि बुडबुड्यांसाठी अशा डोळे फाडून बसलो की जणू तांदळातले खडे निवडतोय. अडकित्ता निघाला खरा, पण रेझिन आत जाऊन त्याची दोन्ही पाती घट्ट मिटली होती. मावशीनं तो फाटकाबाहेर, परातीत, पिनांच्या ढिगात नेऊन ठेवला.

तरी ती जेवताना भाकरी नुसती मोडत बसलेली. मला कळत होतं तिला काय टोचतंय. लोखंड काढलं ते बरोबरच, पण बाळ आता तसंच उघडं जाणार. मग माझ्या मनात आलं, अगं, तीट आहे की. काजळात कुठं लोखंड असतं? त्या रात्री एरंडेलाचा दिवा लावला, वर तांब्याची ताटली उपडी धरली आणि काजळ पाडलं. डबीत भरायला गेले, तर डबी पत्र्याची. टाकली बाजूला. विड्याच्या पानात पुडी बांधून नेलं.

साहेब तपासणीला आले तेव्हा मी पुडी पुढे केली. सुपरवायझर लगेच म्हणाला, तेलकट आहे, ह्याच्यावर रंग धरणार नाही. मी म्हटलं, आतल्या कप्प्यात लावू, जिथं तुम्ही रंग देत नाही. साहेबांनी आधी यंत्राचा दांडा त्या पानावर धरला, अगदी गंभीर चेहऱ्यानं. सुई जागची हलली नाही. मग म्हणाले, लगाओ. मावशी वाकून आत शिरली आणि नाकाच्या उजव्या अंगाला आतून काळा ठिपका लावून आली. त्यानंतर त्यांनी पूर्ण बोटीवरून दांडा फिरवला. नाकापाशी आल्यावर आम्ही सगळ्या सुईवर वाकलो. सुई अशी पडून राहिली, जशी दुपारची म्हैस.

पुढच्या बोटी आम्हीच केल्या. आणि प्रत्येकीच्या आतल्या कप्प्यात तीट असायची. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. पुढे तर तोच आठवण करून द्यायचा, बेन, काजळ लाव्या के?

मावशी म्हातारपणी गावाकडे गेली तेव्हा तो अडकित्ता मला देऊन गेली. त्याची पाती अजून मिटलेली आहेत, मधे काचेचा एक धागा चमकतो. सुपारी काही कातरत नाही. पण तुझ्या आईच्या बाळंतपणात तो उशीखाली होता, आणि ती उशी तुझी होती बाई. कापायची भीती नाही, इतका बोथट.

आता तुझ्या लेकीचं काही बोटीसारखं नाही, तिला लोखंड चालतं. मी अडकित्ता पुसून ठेवलाय, एरंडेलही आणलंय. ऊन वाढायच्या आत या दोघी. जावयांना सुट्टी नसली तर राहू दे त्यांना, तू ये. स्टेशनवर उतरलीस की नुसता फोन कर, तुझे आजोबा रिक्षा घेऊन आधीच उभे असतील. आणि ह्या वेळी मी बोलत असताना फोन ठेवू नकोस. लवकर ये गं.