बाबांसाठी मच्छरदाणी

माझ्या वडिलांची तिरडी बांधून झाली तेव्हा ते आत दुपारची झोप घेत होते.

यात त्यांची काही चूक नव्हती. बुलढाण्याच्या लोकांचीही नव्हती. चूक कोणाची ते पुढे येईलच, आणि ती शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

साताऱ्याहून माझी बुलढाण्याला बदली झाली. आई त्याआधीच्या हिवाळ्यात गेली होती. बाबा गावाकडच्या घरात एकटे राहत होते आणि दोनदा गॅस तसाच चालू ठेवून देवळात जाऊन बसले होते. म्हणून मी त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. साऱ्या वाटेत ते एकदाच बोलले, चिखलीच्या पुढे. "मरायलाच न्यायचं तर एवढं डिझेल कशाला जाळतोस?" नव्या घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर म्हणाले, "उद्या सकाळी मलकापूरला रेल्वेत बसवून दे. जातो मी परत." मला धडकीच भरली. ते परत गेले असते, तर पुढच्या वेळी आधी गॅस पेटतो की आधी शेजारी पोचतात, एवढाच प्रश्न उरला असता!

त्यात आमचा सामानाचा ट्रक देऊळगाव राजाच्या अलीकडे बंद पडला. पलंग, फ्रिज, देव्हारा, पडदे, मच्छरदाणीच्या काठ्या, सगळा संसार हायवेच्या कडेला उभा! आमच्याकडे गाडीतून आणलेलं होतं ते एवढंच: एक चटई, दोन चादरी, देवांचा डबा, मच्छरदाणीचं कापड आणि बाबा.

बाबांना पुढच्या खोलीत पंख्याखाली चटई टाकून दिली. प्रवासात वारं लागून कान ठणकत होते, म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला. डास चावत होते, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली. देव ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून माझ्या बायकोनं, नंदानं, त्यांच्या उशाशीच पाट मांडून दिवा लावला. उशी मात्र मी मांडली होती, आणि ती उत्तरेला आली. (नव्या शहरात मला दिशा कळत नाहीत. जुन्या शहरातही कळत नव्हत्या, पण तिथं निदान घर सापडायचं.) बाबा घोरतही नाहीत. त्यांच्या या गुणाचं मला आयुष्यभर कौतुक वाटत आलं होतं.

"बाबांना रात्री मच्छरदाणी लागते," नंदा म्हणाली. "दोन बांबू आणा, मधे कापून चार काठ्या करू. सुतळी आणा. खिडक्या उघड्या आहेत, पांढरं मांजरपाट आणा. आणि फ्रिज येईपर्यंत पाण्याला माठ."

एवढं बोलली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. मी निघालो. दाढी वाढलेली होती आणि दाराशीच चपलेचा अंगठा तुटला, म्हणून अनवाणीच निघालो.

बांबूवाला गरुडासारख्या नाकाचा, घासाघिशीला बसलेला दांडगा माणूस होता. मी म्हटलं, "दोन लांब बांबू द्या. आणि सुतळी."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. मग विडी विझवली.

"एकटेच आले?"

"हो. आजच आलोय इथं. ओळखीचं कोणी नाही."

"अरेरे," तो म्हणाला. "पैशाचं मंग पाहू. तुमी नका उचलू, साहेब. मी येतो ना संगं." आणि दुकान तसंच उघडं टाकून तो खांद्यावर बांबू घेऊन माझ्यामागे चालू लागला!

कापड दुकानात शेटजी गादीवरून उठून उभे राहिले. मीटर हातातही न घेता त्यांनी मांजरपाट टर्रकन फाडलं आणि दोन्ही हातांनी दिलं. कुंभाराकडे उन्हाळा सरत आल्यानं मोठे माठ संपले होते, एक लहान मडकं तेवढं उरलं होतं. म्हटलं, एक दिवस चालेल. ते मी खांद्यावर घेतलं. पुढे अनवाणी मी, खांद्यावर मडकं, काखेत पांढरं कापड, मागे बांबू. रस्त्यात लोक मोटारसायकली थांबवून बाजूला होत होते. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. नवीन साहेब आल्याची बातमी इतक्या लवकर पसरली याचं मला आश्चर्य वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी एकदोघांना मान लववून नमस्कारसुद्धा केला!

घरी आलो तर अंगणात माणसं. समोरचे इंगळे काका, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, खांद्यावर दुपट्टा टाकून पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून सुतळी घेतली.

"तुमी बसा भाऊ. हात लावू नका कशाले. आमी आहो ना."

मला भरून आलं. साताऱ्यात बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत राहिलो, पण मच्छरदाणी बांधायला कोणी आलं नव्हतं. इथं तर चारचार माणसं वाकली होती. कोणी बांबूच्या कामट्या काढतंय, कोणी गवत आणून राहिलंय. मी ओट्यावर बसून पाहत होतो. आमच्याकडे मच्छरदाणी उभी बांधतात, इकडे आडवी बांधत असतील, असं मनाशी म्हटलं. गवताचं मात्र कोडं सुटेना.

"गावाकडचे लोक कव्हा येतीन?" इंगळे काकांनी हळूच विचारलं.

"ट्रक संध्याकाळपर्यंत येईल म्हणतात."

"ट्रक भरून?" काका बांबूवाल्याला म्हणाले, "मोठा माणूस दिसते बाप्पा."

आत स्वयंपाकघरात शेजारच्या दोन बायका नंदाला धरून बसल्या होत्या आणि ती "सगळा संसार रस्त्यावर पडला हो मावशी" म्हणून त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. ट्रकसाठी एवढं रडणाऱ्या अनोळखी बायका पाहून तिला आणखीच रडू येत होतं.

मग काकांनी मांजरपाट त्या आडव्या वस्तूवर अंथरलं, आणि तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांबू. सुतळी. पांढरं कापड. मडकं. मी आणलेलं! मी "काका, अहो काका" करत उठेपर्यंत सगळे आत गेले होते. काकांनी हात जोडले आणि शेवटचं दर्शन म्हणून बाबांच्या तोंडावरची चादर खाली केली.

बाबांनी डोळे उघडले. समोर अनोळखी तोंडांची रांग पाहिली आणि रीत म्हणून म्हणाले, "बसा."

निम्मे लोक खरंच बसले. एक बाई पडलीच. बांबूवाला दाराबाहेर पळाला तो थेट रस्त्यावर जाऊन थांबला!

"कोण गेलं?" कानातला कापूस काढत बाबांनी विचारलं. उघड्या दारातून त्यांना अंगण दिसलं. ते उठले, भिंत धरत बाहेर आले आणि तिरडीजवळ उकिडवे बसले.

"कुणासाठी ही?"

"बाबा," मी म्हणालो, "मच्छरदाणी..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मुलंबाळं हे वाचतात.

इथं एक सांगायला हवं. आमच्या गावात कोणाचंही माणूस गेलं की आधी बाबांना बोलावणं यायचं. तिरडी त्यांनीच बांधायची. आईचीही त्यांनीच बांधली, कोणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर त्यांनी सुतळीला बोट लावलं नव्हतं आणि कोणाच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. आता ते स्वतःच्या तिरडीवर वाकून बसले होते आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. वाटेत म्हणाले होते ना, मरायला नेतोस म्हणून? मी तर सामानासकट पुरावा दिला होता. उद्या मलकापूर पक्कं.

बाबांनी एका गाठीत बोट घातलं. ओढून पाहिली.

"ही कुणी मारली?"

"मी," इंगळे काका म्हणाले.

"ढिली हाय. चढाला माणूस घसरंल."

काका सावरले. भीती एकीकडे आणि हा अपमान एकीकडे! "माह्या हातची गाठ आजवर सुटली नाही, बाबाजी! आख्खी गल्ली पोचवली मी."

"तुमच्याकडं सपाट असंल. आमच्याकडं स्मशान टेकडीवर. पुढच्याला ओझं कमी, मागच्याला जास्त. आणा ती सुतळी."

"मंग दाखवा कशी मारता ते."

आणि बाबांनी सुतळी हातात घेतली. मी आणि नंदा दारात उभे राहून नुसतं पाहत होतो. ते दोघं म्हातारे गुडघ्याला गुडघा लावून गाठ मारत होते, सोडत होते, भांडत होते. शेजारच्या मावशी शेवटी घाबरून म्हणाल्या, "अहो, बांधलेली रिकामी ठेवत नसतात!"

"मग काय भरायची?" बाबा म्हणाले. आईनंतर पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं. मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं मुलगा आता शुद्धीवर आला.

शेवटी त्यांनी सगळी सोडली, बांबू कापले आणि त्याच सुतळीनं मच्छरदाणी उभी केली. (उभीच!) ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी केलेली होती, तीही आलीच. बाबांसाठी आलेलं सुतकाचं जेवण बाबा मिरची मागून जेवले.

हात धुताना म्हणाले, "गावात आता कोण उरलंय? तिथं मेलो असतो तर बांधायला माणूस नव्हता. हितं न मरता एवढी आली."

मी घाबरत विचारलं, "मग उद्या मलकापूर?"

"उद्या कसं? इंगळ्याला चढाची गाठ जमली नाही अजून."

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. आता गल्लीत कोणाकडे वाईट झालं तर दोघंही जातात, आणि तिथंही भांडतात. बाबांना सारं गाव ओळखतं. मलाही ओळखतं, पण ते वेगळ्या कारणासाठी.

पाडव्याला गुढीसाठी बांबू आणायला त्याच दुकानात गेलो. बांबूवाल्यानं मला पाहिलं आणि बांबूंच्या पुढे आडवा उभा राहिला.

"पहिले बाबाजीले फोन लावा."

"अहो, गुढीसाठी पाहिजे."

"काही का असंना. लावा."

भर बाजारात, सणाच्या गर्दीत, मी फोन लावून त्याच्या हातात दिला. सगळे ऐकत होते.

"बाबाजी, आहा ना तुमी?"

"हाय की. कुठं जातोय मी!" फोनमधून बाबांचा आवाज साऱ्या दुकानाला ऐकू गेला. "दे त्याला बांबू. पण एकच दे. दोन मागितले तर मला परत फोन कर."