बुश बदलायला इस्लामपूरमार्गे

साताऱ्याहून कुंडलला आम्ही नवरा-बायको एकाच सकाळी निघालो, पण सुलभा एसटीनं आणि मी जीपनं. कुंडल तिचं माहेर, भाच्याचा साखरपुडा होता. चार महिन्यांपूर्वी यवतेश्वरचा घाट उतरताना मी ब्रेक दाबला आणि आमच्या तीस वर्षांच्या जीपचं मागचं अंग हातभर बाजूला सरकलं. कठडा अगदी जवळ होता. तेव्हा सुलभा काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की या गाडीत मी पुन्हा बसायची नाही. मी तिला भित्री म्हणालो. आमच्या संसारातला निम्मा प्रवास या जीपमध्ये झालेला, त्यामुळं डावी सीट रिकामी ठेवून गाडी हाकणं मला फार लागत होतं. तिला परत त्या सीटवर बसवायचं, हा माझा खरा बेत. साखरपुडा नुसतं निमित्त.

उपाय माझ्या मते सोपा होता. पाटे (चाकांवर गाडीचा भार तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या) ज्या बोल्टांवर आणि रबरी बुशांवर (बोल्टाभोवती बसणाऱ्या जाड नळ्यांवर) टांगलेले असतात, ते झिजले होते. दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. घरपोच मागवलेले स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट आणि लालभडक कडक बुश पिशवीत तयार होते. फक्त बसवणारा हात हवा होता, आणि कराडच्या एका मित्रानं इस्लामपूरच्या इब्राहिमचाचांचं नाव सांगितलं होतं.

पेठनाक्याला डावीकडं वळलो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. तुरे आलेले, वाऱ्यानं एकाच बाजूला कललेले. तोडणीचा हंगाम असल्यानं पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता, आणि त्याच्या मागं मी बैलगाडीच्या चालीनं. कंटाळून त्याला मागं टाकायला गेलो तर जीपचं मागचं अंग पुन्हा वळवळलं. देवाचं नाव घेत परत ट्रॉलीमागं आलो. भित्रं कोण, हा प्रश्न मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

चाचांची पत्र्याची शेड रस्त्यालाच आहे. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आत भिंतीला टेकवलेले पाटे. साठी ओलांडलेले चाचा माझी कहाणी ऐकत बसले नाहीत. पहार घेऊन ते जीपखाली गेले, पाट्याच्या डोळ्याजवळ, म्हणजे टोकाच्या गोल भोकाजवळ, ती अडकवून हलकेच दाबली, आणि मला वाकून बघायला सांगितलं. बोल्ट भोकात चांगला खुळखुळत होता. इतक्या कमी हालचालीत इतकं निदान करणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही.

मग मी मोठ्या तोऱ्यात पिशवी उघडली. चाचांनी माझा बोल्ट कानशीनं जरासा घासला आणि बाजूला ठेवला.

"ह्यो चमकतोय, पर मऊ हाय. गंज चढत न्हाई ते खरं. पर पाट्याला चमक नको, ताकद पायजे."

त्यांनी फळीवरून काळपट बोल्ट काढला. त्याच्या डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला होता. तो आकडा म्हणजे त्याच्या ताकदीची खूण. तो त्यांनी बुशातून आरपार घातला आणि आटे कुठं सुरू होतात ते दाखवलं. बुशाच्या आत सगळा गुळगुळीत दांडा, आटे बाहेर. माझ्या बोल्टाचे आटे निम्म्या बुशापर्यंत शिरत होते. आत आटे गेले की ते कानशीसारखे बुश खातात, म्हणाले. लाल बुशांबद्दल बोलण्याआधी त्यांनी गाडी कुठंकुठं नेता ते विचारलं. सातारा, कुंडल, कधी कास, कधी शिराळा, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले की कडक बुश खड्डा गिळत नाही, सरळ तुमच्या मणक्याला देतो, तुम्ही रबरच घ्या.

जुने बुश निघाले ते भिजलेल्या पावासारखे फुगलेले. चाचांनी बोटांचा वास घेतला आणि तेल कोण घालतं म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं. दर खंडेनवमीला जीपची पूजा करतो, झेंडूची माळ घालतो, आणि सांधा न् सांधा स्वतःच्या हातानं तेलानं न्हाऊ घालतो.

"पूजा करा, फुलं वाहा," चाचा शांतपणे म्हणाले. "पर रबराला तेल म्हंजे ईख (विष). आतनं सडतंय ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी माझ्याच हातानं, भक्तिभावानं, ती जीप घाटात सरकण्यासाठी तयार करत होतो.

नवे बुश, नवे बोल्ट बसले. चाचांनी जॅक काढून जीप चाकांवर उभी केली, पण नट सैलच ठेवले आणि हात पुसत विचारलं, "गाडीत रोज कोण बसतं?"

मी म्हणालो, मी आणि बायको. तर म्हणाले, मग त्यांना बोलवा. गाडी उचललेली असताना नट आवळले तर रबर त्याच ठिकाणी धरलं जातं, आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. म्हणून भार टाकूनच आवळायचं. मी सिमेंटची गोणी सुचवली.

"गोणी चालत न्हाई. ज्येची गाडी त्येनं बसायचं. माझ्या बापापासनं ही रीत हाय. ट्रॉलीसुदा मी ऊस भरूनच आवळतो."

सुलभाला फोन लावला. कुंडलची एक गाडी चुकल्यानं ती अजून इस्लामपूरच्या स्टँडवरच पुढच्या गाडीची वाट बघत होती. रिक्षा करून आली. कुंडलची लेक म्हटल्यावर चाचांनी तिला खुर्ची दिली आणि तो फुगलेला बुश तिच्या हातात ठेवला. सांगायचं ते मीच सांगितलं. तेल मी घालत होतो, चूक माझी, तू भित्री नव्हतीस.

तिनं बुश बोटांनी दाबून बघितला. "आवं, घाटात तुमचा हात थरथरत होता," ती म्हणाली. "म्हणून तवा काही बोलले न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. ती जीपमध्ये चढली, फक्त गाडी उभी आहे तोवर, असं बजावून. मी शेजारी बसलो. चाचा खाली पडून पाना फिरवू लागले, मग थांबले.

"ताई, नीट टेकून बसा. अंग चोरून बसलं की वजन खरं पडत न्हाई."

सुलभा हळूहळू मागं टेकली. नट आवळून झाले तरी ती उतरली नाही. साखरपुड्याला उशीर होतोय, चला, म्हणाली. तिच्या पिशवीतलं भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) खात आम्ही कृष्णा ओलांडली. ती एका हातानं दांडी घट्ट धरून होती, आणि कुंडल येईपर्यंत तिनं ती सोडली नाही.

थोडी गाडी चालली की नट पुन्हा तपासायचे, असं चाचांनी सांगितलं होतं. म्हणून दोन दिवसांनी परत येताना शेडपुढं थांबलो. सुलभाला हाक मारायला वळलो तर ती गाढ झोपलेली. मान कललेली, हात मांडीवर मोकळे. चाचा पाना घेऊन आले, तिच्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"उठवू नगा. आसंच तपासतो."

ते आवाज न करता खाली शिरले, एकेक नट चाचपला, बाहेर येऊन मान डोलावली आणि ट्रॉलीकडं निघून गेले. मी आजवर पुष्कळ फिरलो, किल्ले पाहिले, देवळं पाहिली. या खेपेला मात्र रस्त्याइतकंच डाव्या सीटकडं बघत आलो. साताऱ्यापर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही.