पंपाच्या खोलीतला तह

“काढ! कंपासपेटी काढ! डबा ठेव टेबलावर! आता बूट! मोजे राहू देत, आपण सुसंस्कृत माणसं आहोत. हं, आता सही कर!”

सर ओरडत होते. साधंसुधं ओरडणं नव्हे. कोथरूडातल्या आमच्या शाळेत ते ओरडले की डेपोतल्या बसचे ड्रायव्हर चहा टाकून गाडीत बसायचे. मी नववीत होतो आणि फळ्यापुढं नुसत्या मोज्यांवर उभा होतो. त्या दिवशी मी जर्मनी होतो. पहिलं महायुद्ध मी नुकताच हरलो होतो आणि उरलेला वर्ग मिळून माझ्याशी तह करत होता. माझ्या डब्यातला साबुदाणा वडा इंग्लंडनं तिथल्या तिथं खाल्ला. इंग्लंड म्हणजे पहिल्या बाकावरचा विनय, सरांचाच मुलगा. मग सरांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर लिहायला लावलं : ‘सगळा दोष माझ्या एकट्याचा.’

“वाच मोठ्यानं.”

मी वाचलं. वर्ग खदखदून हसला. सर एकदम शांत झाले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आता सांग, मधल्या सुट्टीत काय करणार तू?”

“आधी डबा परत घेणार, सर. मग ज्यानं वडा खाल्ला त्याला बडवणार.”

“झालं!” सर टेबलावर अशी थाप मारत म्हणाले की पृथ्वीचा गोल स्टँडवरून उडून दारापर्यंत गेला. “दुसरं महायुद्ध! लिहून घ्या!”

असे आमचे व्हर्साय सर. हे नाव मुलांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की शाळेच्या शिपायालाही त्यांचं खरं आडनाव आठवेना. दिवाळीपर्यंत ते एकच तह शिकवायचे, जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा. बाकीचा सगळा इतिहास, त्यात दुसरं महायुद्धसुद्धा, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कोंबला जायचा. पण आमच्या शाळेचं पोरगं पेपरात काहीही चुकवेल, व्हर्साय चुकवायचं नाही. आणि सरांचं ते वाक्य, जे त्यांनी शिक्षक म्हणून, शेजारी म्हणून, लग्नात रुसलेल्या व्याह्यांपुढं, मंडईत घासाघीस करणाऱ्या बायकोपुढं हजारदा म्हटलं असेल : “हरलेल्या माणसाला घरी जाण्यापुरती वाट ठेवावी.”

पुढं मी नोकरीला लागलो, लग्न केलं आणि कर्वेनगरात घर घेतलं, ते नेमकं सरांच्याच इमारतीत. जिन्यात पहिल्याच दिवशी हाक आली, “काय रे जर्मनी, बायको आणलीस का?” माझ्या बायकोला वाटलं, मी पूर्वी परदेशात होतो. बरेच दिवस मीही ते वाटू दिलं.

सर सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. समोरच्या दाराला निमकर काका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं इतकं मोजकं की जणू प्रत्येक शब्दाला ट्रंककॉलचा दर. रोज संध्याकाळी दोघांचा कॅरम चालायचा. सर खेळायचे वाघासारखे. पण लागोपाठ दोन डाव जिंकले की तिसऱ्यात सोंगटी अशी काही चुकवायचे, की आंधळ्यालाही कळावं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “अरे, त्याला समोर घरी जायचंय. हसत जाऊ दे.”

निमकर काकूंनी गच्चीत गवती चहाच्या कुंड्या लावल्या होत्या. काकू गेल्या आणि काकांचा सगळा संसार त्या कुंड्यांत आला. सकाळी ते चार चार पाती प्रत्येकाच्या दाराच्या कडीला अडकवून जायचे. आमच्या इमारतीतला चहा असा होता की खालच्या रस्त्यानं जाणारे लोक दुचाकी बंद करून नुसता वास घेत उभे राहायचे. ह्यात अतिशयोक्ती फार तर दोघातिघांची असेल.

मग एका पावसाळ्यात सरांच्या छतातून पाणी टपकलं. टपकलं ते नेमकं त्यांच्या डोक्यावर, दुपारच्या झोपेत. सर उठले ते ओरडतच. “निमकर! तुमच्या कुंड्या माझ्या टाळूवर पाझरतायत!”

निमकर दारात आले. “पाणी टाकीचं असेल.”

“टाकी गेली खड्ड्यात! कुंड्या हलवा!”

“नाही हलवणार.”

असं युद्ध सुरू झालं. मी पानिपत पाहिलेलं नाही, पण आमचा जिना पाहिलाय. कॅरमबोर्ड भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सोसायटीच्या फळ्यावर रोज सकाळी सरांचं एक पत्रक लागायचं आणि दुपारी त्याखाली निमकरांचं एका ओळीचं उत्तर. निमकर पहाटे कुंड्यांना पाणी घालताना मुद्दाम पितळी घागर आपटायचे, सर खालून छताला काठीनं ठोसे मारायचे. मधल्या मजल्यावरची माणसं चक्क देवाला लागली. सरांचं ओरडणं तर भाजीवाल्यांच्या कामाला आलं. ते ऐकू आलं की आठ वाजले.

शेवटी सर्वसाधारण सभा झाली. आमच्या सोसायटीला ऑफिस नव्हतं. सभा तळमजल्यावर पंपाच्या खोलीत भरायची, एका पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीभोवती. तिचा एक पाय तडकलेला होता, म्हणून बसणाऱ्याला जरा पुढं झुकावं लागायचं. कोणीही बसलं तरी माफी मागतोय असंच दिसायचं. सभेनं सरांच्या बाजूनं कौल दिला. कुंड्या खाली आणायच्या, एवढं ठरलं असतं तरी पुरलं असतं. पण सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

कुंड्या तर काढायच्याच. गच्चीची किल्ली परत करायची. पापड वाळवायचे झाले तरी अर्ज करायचा. आणि निमकरांनी त्या खुर्चीत बसून सगळ्यांसमोर वाचायचं, की इमारतीतल्या सर्व गळतीला एकटे आपणच जबाबदार आहोत. सर्व गळतीला! तळमजल्यावरच्या जोशीबाईंच्या मोरीचा नळसुद्धा त्यात धरला होता.

माझ्या पायाला एकदम फरशीचा गारवा लागला, जणू बूट काढलेत. मी सरांच्या कानाशी लागलो. “सर, व्हर्साय.”

“गप रे जर्मनी,” सर म्हणाले. “तो देश होता. हा निमकर आहे.”

निमकर खुर्चीत बसले, पुढं झुकले आणि वाचलं. आवाज चढला नाही, कापला नाही. वाचून झाल्यावर कागदाची घडी केली आणि ती परत न देता स्वतःच्या खिशात ठेवली. कुंड्या त्याच खोलीत आणून टाकल्या. तिथं ऊन नव्हतं. गवती चहा आधी पिवळा पडला, मग त्याचा वासही गेला.

पुढच्याच पावसात सरांच्या छतातून पाणी टपकलं. त्याच जागी. पाणी टाकीचंच होतं. सरांनी कुणाला सांगितलं नाही. खाली बादली ठेवली आणि तिच्यात जुनं फडकं टाकलं, थेंबाचा आवाज समोरच्या दारापर्यंत जाऊ नये म्हणून. मी ते फडकं पाहिलं तेव्हा ते खिडकीकडं बघत बसले होते.

निमकर वर्षानुवर्षं जिन्यात भेटले की मान लववायचे. लोक म्हणाले, विसरले बिचारे. सर मात्र तसं म्हणाले नाहीत.

मग आमच्याकडं पुनर्विकास आला. पुण्यात तो कुणाच्या घरी येत नाही? जुनी इमारत पाडायची, नवी उंच बांधायची, तोवर सगळ्यांनी दुसरीकडं राहायचं. आम्ही घरं रिकामी केली. विनय लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवायचा, तो सरांना आणि आपल्या आईला, म्हणजे आमच्या बाईंना, तिकडं घेऊन गेला. “दोन दिवाळ्या, की परत आलोच,” म्हणत सरांनी जाताना स्वतःच्या दाराला नमस्कार केला. शेवटचं घर रिकामं झालं आणि निमकर पुनर्विकासाविरुद्ध कोर्टात गेले. कामाला स्थगिती मिळाली. इमारत ना पडली, ना उभी राहिली. खिडक्या काढून नेलेल्या, भिंतीतून पिंपळ निघालेला, आणि तळाशी पंपाची खोली.

लोणी काळभोरला सरांच्या खिडकीतून सोलापूरचा रस्ता दिसायचा. ट्रकांच्या आवाजात त्यांचं ओरडणं ऐकू येईना, मग ते ओरडायचेच थांबले. बाई तिथंच गेल्या, स्वतःच्या स्वयंपाकघराची आठवण काढत काढत. मी भेटायला गेलो की सर एकच म्हणायचे, “जर्मनी, मला माझ्या घरातून जायचंय रे. इथून नको.” एक दिवस म्हणाले, “जा. निमकरला विचार, त्याच्या अटी काय.”

निमकर आपल्या बहिणीकडं राहत होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून तीच घडी काढली. कागद जीर्ण झाला होता. “ह्यात नाव तेवढं बदलायचं,” ते म्हणाले. “जागा तीच.”

सर आले. काठी टेकत, विनयच्या दंडाला धरून, त्या पडक्या इमारतीच्या तळाशी. आम्ही जुने शेजारी भिंतीला पाठ लावून उभे होतो. सर खुर्चीत बसले आणि पुढं झुकले. ज्या आवाजानं एके काळी बस सुटायच्या, तो आवाज खोलीच्या दारापर्यंतही पोचला नाही. “सर्व गळतीला एकटा मीच जबाबदार आहे.” मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही, म्हणून विनयकडं बघितलं. बघायला नको होतं. असा चेहरा मी एकदाच पाहिला होता, त्या कागदाची घडी खिशात ठेवणाऱ्या माणसाचा.

निमकरांनी शब्द पाळला, दावा मागे घेतला. परतताना गाडीत सर म्हणाले, “चला, मिटलं. आता घर.” त्याच आठवड्यात विनयनं दावा ठोकला. नव्या इमारतीत निमकरांना घर मिळता कामा नये. पुन्हा स्थगिती.

“अरे,” सर त्याला माझ्यादेखत म्हणाले, “हरलेल्या माणसाला घरी जाण्यापुरती...”

“तुम्ही ठेवली होतीत, बाबा?”

सर भिंतीकडं कूस करून निजले. त्यानंतर त्यांनी ते वाक्य कधी म्हटलं नाही. थंडी संपता संपता ते गेले, त्याच खिडकीशी, ट्रकांच्या आवाजात. नव्वदाव्या वर्षी माणूस गेला की लोक म्हणतात, सोनं झालं. कुणी म्हटलं नाही.

तेराव्याला निमकर लोणी काळभोरला आले. दोन बस बदलून, हातात एक कुंडी घेऊन. कुठून कोण जाणे, त्यांनी एक कोंब जगवला होता. खोलीभर तो वास सुटला. काकांनी कुंडी सरांच्या फोटोपाशी ठेवली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. मग विनयसमोर उभं राहून, त्यांच्या मानानं भलतंच लांबलचक बोलले.

“चुकलं माझं. त्याचंही चुकलं होतं. पण आता पुरे कर, विनय. मागे घे दावा. मलाही घरी जायचंय.”

विनय पानं मांडत होता. त्यानं हातातली पत्रावळ नीट सरळ केली.

“या ना काका,” तो म्हणाला. “पंपाच्या खोलीत या. खुर्ची तिथंच आहे.”