बोटां किती लागतत?

डिचोलीच्या बाजारात माझे जुन्या गेम-कन्सोलचे दुकान आहे. गिऱ्हाईक येते ते चित्र कशावर चांगले दिसते, हे विचारत. हळर्णहून येणारा खाणीवरचा एक टिपर-ड्रायव्हर मात्र वेगळाच. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. गाड्यांच्या शर्यतीचा एकच खेळ तो मला प्रत्येक कन्सोलवर लावायला सांगे आणि खेळण्याआधी रुमालाने स्वतःची दोन बोटे आवळून बांधी.

“चित्र ऱ्हवांदे, शेट. बोटां किती लागतत?”

मला तो विक्षिप्त वाटला. दुसऱ्या खेपेला त्याने डावा हात खिशातच ठेवला, तेव्हा मी वैतागून म्हटले, “एका हाताचे दुसरे खेळ आहेत की!”

“माझ्या चेडवाचे हात जातत, शेट. खेळ बदललंय तर तिका समजात.”

चेडू म्हणजे त्याची मुलगी; तिच्या हातांतले बळ हळूहळू जात होते. मी एका हाताने चालणारी आवृत्ती शोधून दिली.

परवा तो पुन्हा आला. सगळ्यात जुन्या कन्सोलवर खेळ लावायला सांगून हात पाठीमागे बांधून उभा राहिला. त्या आवृत्तीत कोणी बटण दाबले नाही की नमुना म्हणून गाडी आपली आपणच पळते. ती शर्यत त्याने शेवटपर्यंत पाहिली.

“ह्योच दिया. रिमोट तिच्या मांडयेर ठेवतलंय.”

पडद्याच्या मधोमध ‘बटण दाबा’ अशी इंग्रजी अक्षरे लुकलुकत होती. त्याने त्यांच्यावर तळवा धरून पाहिला.

“ही अक्षरां काढूक येतत? तिका वाचूक येता.”