तात्या, कलेक्टर आणि एक ताट

पौषातल्या दुपारी धुक्याचा पडदा विरून ऊन गॅलरीच्या कठड्यावरून हळूहळू खाली उतरतं, तेव्हा देशाच्या राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक नाद ऐकू यायचा. अगदी सूक्ष्म, कुरकुरीत; पलीकडच्या खोलीत कुणी निवांतपणे सुपारी कातरत बसावं, तसा. पाळलेला उंदीर तृप्त झाला की दातांवर दात घासतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि कळल्यापासून त्या नादाशिवाय दुपार अपुरी वाटू लागली. दिवाळीनंतर तो थांबला. मग घर किती निःशब्द असू शकतं, तेही कळलं.

उंदीर कसले पाळता, म्हणून नाक मुरडू नका. मुलीने ही दोन भावंडं हौसेने आणली आणि स्वतः नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेली. मागे उरलो आम्ही तिघं. राखाडी टोपरं घातल्यासारख्या डोक्याचा तात्या आणि पांढराशुभ्र अप्पा. अप्पा दिवाळीत गेला. तात्याचं खाणं अर्ध्यावर आलं, अंग चाटणं सुटलं, आणि दिवसभर तो पिंजऱ्यात टांगलेल्या अप्पाच्या रिकाम्या झोळीकडे तोंड करून बसू लागला. उंदीर हा गोतावळ्यात जगणारा जीव. तुम्ही त्याला कितीही खांद्यावर मिरवा, मानेमागची ती न पोचणारी जागा दुसऱ्या उंदरानेच चाटावी लागते. ती पोकळी माझ्याने भरणार नव्हती.

शेवटी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाकावर मी त्याला "तात्या, गप बस," म्हणाले आणि शेजारची मुलगी चटकन वळली. "अच्छा, काकू, तुम्ही पण मराठी?" तिच्या मांडीवरच्या पिंजऱ्यात तांबूस रंगाचा एक तरणाबांड नर होता. ही नसीम, परभणीकडची, मुनिरक्यातल्या एका खोलीत राहून पाच वर्षं स्पर्धा परीक्षेला बसलेली. उंदराचं नाव कलेक्टर. "मी नाही झाले, तर खोलीत एक तरी असावा, यार," असं ती हसून म्हणाली, पण डोळे काही हसले नाहीत. तिची शेवटची संधी हुकली होती आणि महिनाअखेर खोली सोडून गावी जायचं होतं. निकालापासून अब्बा तिच्याशी बोलत नव्हते. त्यांच्यापुढे वर उंदीर घेऊन कुठे उभी राहणार? दुकानदार कलेक्टरला परत घ्यायला तयार होता, पण पुढे त्याचं काय करणार, हे विचारायचं तिला धाडस होत नव्हतं. मी म्हटलं, दोघांचं जमलं तर राहील माझ्याकडे. जमलं नाही, तर मात्र दोन वैरी दोन पिंजऱ्यांत जन्मभर धुमसत ठेवणं मला झेपणारं नव्हतं, आणि तेही मी तिला स्पष्ट सांगितलं.

खरं सांगू? जमेल, याची मला खात्रीच होती. बदल्यांच्या नोकरीत मी उभं आयुष्य काढलेलं. नव्या माणसाला जुन्या खात्यात मुरवण्यात माझा हातखंडा. कलेक्टरला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, शिंक नाही, सर्दी नाही, याची खातरजमा केली. सरोजिनी नगरच्या बाजारातून मऊ लोकरी तुकडे आणले आणि याच्या अंगाखालचा त्याच्याकडे, त्याच्याकडचा याच्याकडे, अशी वासांची देवाणघेवाण चालवली. मग कोरड्या न्हाणीघरात, जिथे दोघांपैकी कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं, पहिली भेट घडवली. जुंपलीच तर मध्ये टाकायला मी जाड टॉवेल घेऊन दारात. तात्याने त्याला उताणा पाडला, कलेक्टर किंचाळला आणि निमूट पडून राहिला. हे भांडण नव्हे; ही ज्येष्ठतेची यादी लागणं, आणि ती प्रत्येक कचेरीत लागते. मी खूश झाले आणि तिथेच माझी बुद्धी फिरली.

कोल्हापूरला आमच्या घरी दोन पोरं भांडली की आई दोघांना एकाच ताटात वाढायची, आणि ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. नवी सून आली तरी तेच. नणंदेबरोबर एक ताट. नसीमच्या घरी तर रोजच सगळे एका मोठ्या थाळ्याभोवती जेवतात. "एकत्र जेवले की झालं, काकू, बिल्कुल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी, मोठ्या मायेने, दोघांच्या मध्ये दहीभाताची एकच ताटली ठेवली. ती ठेवताच तात्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला, पाठीची कमान करून तो तिरका तिरका सरकू लागला, आणि पुढच्या क्षणी न्हाणीत नुसता एक गरगरणारा गोळा. मी टॉवेल विसरले आणि उघडा हात मध्ये घातला. अंगठ्याला खोल चावा, कलेक्टरचा कान फाटलेला, फरशीवर दहीभात आणि रक्ताचे थेंब. नसीम भिंतीला टेकून खाली बसली आणि मुकाट्याने रडली. मला स्वतःची लाज वाटली.

ज्याला आपण मायेचं ताट म्हणतो, ते त्या दोघांना हिसकावून घ्यायचं एकुलतं एक ताट दिसलं. त्यांचं काय चुकलं? जिव्हाळ्याआधी जिवाला निर्धास्तपणा लागतो, आणि तो आधी ज्याचा त्याला वेगळा द्यावा लागतो, हे साधं गणित मला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा रक्त दिसलं तर भेटी बंद. नऊ दिवस उरले होते. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन पिंजरे, मध्ये वीतभर अंतर, वास पोचेल पण दात पोचणार नाहीत इतकं. जखम सुकल्यावर पुन्हा न्हाणीघर, पण ताटल्या दोन, दोन टोकांच्या कोपऱ्यांत. रोज चार बोटं जवळ. मोठा पिंजरा व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन काढला, झोळ्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे तो तात्याचाही राहिला नाही आणि कुणाचाच झाला नाही. आठव्या दिवशी तात्या कलेक्टरच्या ताटलीपाशी गेला, त्यातला वाटाणा उचलला, आणि तिथेच बसून खाल्ला. कलेक्टरने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला. 

शेवटच्या रविवारी नसीम निरोपाला आली. पिंजऱ्यापाशी बसून तिने विचारलं, "काकू, घरी गेल्यावर अब्बांसमोर बसू कशी?" महिन्यापूर्वी मी म्हणाले असते, थेट जा, त्यांच्या थाळ्यात हात घाल, सगळं विसरतील. आता म्हटलं, घाई करू नकोस. वेगळं ताट घे, पण त्याच खोलीत बस. रोज थोडी जवळ सरक. ती कलेक्टरच्या फाटक्या कानावरून बोट फिरवून गेली.

काल दुपारी गॅलरीत ऊन खात बसले असताना तिचा मेसेज आला. तीन आठवडे ती वेगळ्या ताटात जेवत होती, अब्बांपासून एक हात दूर. त्या दिवशी अब्बांनी न बोलता तिच्या ताटातली भाकरी मोडून घेतली, आणि तिथेच खाल्ली.

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. आत पिंजऱ्यात एकाच झोळीत तात्या आणि कलेक्टर पडले होते, एकाचं डोकं दुसऱ्याच्या मानेवर, आणि सुपारी कातरल्याचा तो नाद येत होता. दोघांपैकी कोण, ते पाहायला मी उठले नाही.