दाराचा नियम

बुलढाण्यात वकिलीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास घेणाऱ्या आमच्या सरांचा मला आजही राग येतो. प्रश्नात एक नियम असायचा, त्याखाली एक घटना. सर फळ्यावर खडू आपटत म्हणायचे, “जर अट पुरी झाली, तर निकाल लागला! आपली दयामाया चपलेसंगं बाहेर ठेवा, बापाहो!” शिकवायचे मात्र झकास, आणि त्याचीच जास्त चीड येते.

त्यांचा स्वतःचा नियमही फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असे: आठनंतर आला, तर प्रवेश नाही. एकदा धाड गावची एसटी उशिरा पोचली, म्हणून तिकडून येणारी एक मुलगी तास संपेपर्यंत जिन्यात उभी राहिली. सरांनी दार उघडलं नाही.

दुसऱ्याच दिवशी एका पुढाऱ्याचा मुलगा साडेआठला आला. सरांनी हसत कडी काढली आणि त्याला पंख्याखाली बसवलं.

धाडची मुलगी उभी राहिली. “सर, अट तर पुरी झाली होती. मंग निकाल काऊन बदलला?”

सरांच्या हातात खडू होता, पण त्यांनी तो आपटला नाही.

“असा प्रश्न परीक्षेत येत नाई,” ते म्हणाले. “बस खाली.”